अकरावा प्रश्न

४ ऑगस्ट, रविवार

प्रिय दादा,

आधी हे सांगते की घरी सगळे ठीक आहेत, कुणी गेलेलं नाही. नऊ वर्षांनी माझं पाकीट पाहून तुला पहिली शंका तीच येणार, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. पत्ता मावशीने दिला. फोन नंबरही देत होती, पण मी घेतला नाही. फोनवर तू माझ्या पहिल्या वाक्यालाच ठेवून दिलास तर दुसरं वाक्य बोलायचं राहून जाईल. पत्र फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी चार ओळी वाचतो.

काम लहानसं आहे. माझी लेक तू शेवटची पाहिलीस तेव्हा सहा वर्षांची होती. आता पंधराची आहे, दहावीत. घरात तिला टिटवी म्हणतात. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं, कारण ती जमिनीवर टेकत नाही आणि गप्पही बसत नाही. तिने यंदा शारीरिक शिक्षण हा पूर्ण विषय म्हणून घेतला आहे. आपल्या वेळी पी.टी. म्हणजे गणिताच्या बाई आल्या नाहीत की मिळायचा तो तास. आता शंभर मार्कांचा विषय आहे. लेखी पेपर आहे, मैदानावरची परीक्षा आहे आणि एक जाडजूड प्रकल्प-वही आहे. माझी नणंद म्हणाली, "म्हणजे उड्या मारायचेही मार्क? आम्ही उड्या मारल्या की मार मिळायचा!" टिटवीने तिला तिथेच बसवून गुडघ्यात किती हाडं भेटतात ते विचारलं. नणंद आता आमच्याकडे आली की गुडघे पदराखाली झाकून बसते.

पुस्तक मी वाचून काढलं. चांगलं आहे. स्नायूंची नावं टिटवी जिना चढताना पाठ करते, पायरीला एक. प्रकल्प असा आहे की प्रत्येकाने घरातली एक व्यक्ती निवडायची, तिच्यासाठी सहा आठवड्यांचा व्यायाम आखायचा आणि रोजच्या नोंदी ठेवायच्या. टिटवीने मला निवडलं. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे : "व्यक्ती : आई. वय : ४४. सवयी : बसणे." मी बारा मिनिटांत चालत-धावत एक किलोमीटरही पुरा केला नाही. विश्रांतीची नाडी ७४.

आता काम. तू सतरा वर्षांचा असताना डॉक्टरांनी तुला जे सांगितलं होतं, त्याला नेमकं काय नाव होतं? पुस्तकात हृदयावर एक प्रकरण आहे, ते वाचताना आठवलं. केवळ उत्सुकता म्हणून विचारते. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

११ ऑगस्ट, रविवार

प्रिय दादा,

मागच्या पत्रात दोन चुका झाल्या. डायरीशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं.

पहिली, माझी नाडी ७४ नाही, ७८ आहे. तुझ्यासमोर जरा बरी दिसावी म्हणून चार ठोके मी आपोआप कमी केले असावेत. दुसरी, "केवळ उत्सुकता" हे खोटं आहे आणि "उत्तर दिलं नाहीस तरी चालेल" हे त्याहून खोटं आहे.

झालं ते असं. व्यायाम सुरू करण्याआधी त्या व्यक्तीला एक फॉर्म विचारून भरून घ्यायचा असतो. सतरा प्रश्न. विद्यार्थ्यानेच विचारायचे, कारण विचारता येणं हाही अभ्यासाचाच भाग आहे. टिटवीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, समोर खुर्ची ओढली, पेन्सिल कानामागे खोचली आणि माझी लेक असल्याचं पूर्ण विसरून गेली.

"धूम्रपान?"

"अगं, काय विचारतेस!"

"हो की नाही सांगायचं, बाई. छातीत कधी दुखतं?"

"नाही."

"सांधे?"

"तुझी खोली आवरताना दुखतात."

"ते अवांतर. प्रश्न अकरावा. जवळच्या नात्यात कुणाला पंचावन्नच्या आत हृदयविकार, व्यायाम करताना शुद्ध हरपणं किंवा अचानक मृत्यू?"

दादा, आपले बाबा एक्कावन्नाव्या वर्षी बसस्टॉपवरच्या बाकावर बसल्या जागी गेले. तू सतराव्या वर्षी मैदानावर कोसळलास. मी उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते मला आठवत नाही, पण तिने पेन्सिलीचं टोक कागदावर दोनदा आपटलं एवढं आठवतं.

मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले, याचा मी आठवडाभर विचार करते आहे. एक कारण सोपं आहे. "हो" म्हटलं की डॉक्टरांचा दाखला आणावा लागतो, तोवर काम थांबतं, आणि तिने आखलेलं सहा आठवड्यांचं वेळापत्रक चार रंगांत भिंतीवर लागलेलं होतं. दुसरं कारण तू आहेस. "हो" म्हटलं असतं तर "कोण?" असं तिने विचारलंच असतं. मामा लांब राहतो, लिफ्ट दुरुस्त करतो आणि फारसा बोलत नाही, एवढंच तिला ठाऊक आहे. तू धावायचास हेसुद्धा मी तिला कधी सांगितलेलं नाही. म्हणून हेही तुला आतापर्यंत लिहिलं नव्हतं की तीही धावते. आठशे मीटर. तुझीच शर्यत. मी सुचवली नाही, देवाशपथ. तिची तिनेच निवडली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी माझ्यापुरतं निस्तरलं असतं. पण मुलांनाही तोच फॉर्म स्वतःसाठी भरायचा होता. तिने तो माझ्यासमोरच भरला. अकराव्या प्रश्नाशी आली, माझ्या फॉर्मकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपलं घराणं एकच ना, तुझंच उत्तर उतरवते." उतरवलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. खाली पालकांच्या सहीची जागा होती.

मी अजून पाण्याच्या प्रयोगशाळेतच आहे. दिवसाला चाळीस-पन्नास बाटल्या येतात. प्रत्येकीच्या कागदावर माझी सही असते आणि त्या सहीचा अर्थ एकच, की हे मी स्वतः पाहिलं आहे. एकोणीस वर्षांत मी न पाहता सही केलेली नाही. या कागदावर मी पाहून सही केली.

पुढच्या महिन्यात तिची विभागीय निवड आहे. रोज सकाळी ती मैदानावर जाते. मला त्या आजाराचं नाव हवं आहे. तो रक्तातून खाली उतरतो का, हे हवं आहे.

तुझी,
धाकटी

२० ऑगस्ट, मंगळवार

प्रिय दादा,

तुझं उत्तर नाही. मावशी म्हणते पत्ता बरोबर आहे.

शुक्रवारी टिटवी शाळेतून आली, दारात बसून बूट काढता काढता म्हणाली, "आज बीप टेस्ट होती. सातव्या लेव्हलला ना, डोळ्यांपुढे एकदम अंधारी आली." बीप टेस्ट म्हणजे वीस मीटरच्या दोन रेघा, टेपवर बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं, आणि बीप जवळजवळ येत जातात. मागच्या वेळी ती नवव्या लेव्हलपर्यंत गेली होती.

मी विचारलं, "पडलीस?"

"छे! बसले जरा. नाश्ता नव्हता ना केला."

"छातीत धडधडलं?"

"धावल्यावर धडधडणारच ना, आई. नाहीतर मेले असते." मग एकदम गंभीर झाली. "बाईंना सांगू नकोस हं. त्या निवडीतून काढतील. घे शपथ."

मी शपथ घेतली, दादा.

त्या शेडमागच्या मैदानावर तू असंच म्हणाला होतास. मी चौदाची होते, तुझी पाण्याची बाटली धरून उभी होते. तू शेवटच्या वळणावर खाली गेलास तो हात पुढे न करता, तोंडावर. मी पळत आले तेव्हा तुझे डोळे उघडे होते आणि तू मला ओळखत नव्हतास. मग ओळखलंस आणि पहिलं वाक्य बोललास ते "घरी बोललीस तर याद राख." मी नऊ दिवस बोलले नाही. दहाव्या दिवशी बाबा दाढी करत होते, तेव्हा त्यांच्या पाठीला सांगितलं, आरशात त्यांचा चेहरा दिसू नये अशी उभी राहून. त्यानंतरचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. राज्याच्या निवडीला एक आठवडा उरला होता.

आई गेली त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास की घरात माझा घात या पोरीने केला. मी म्हणाले, मी बोलले नसते तर तू आज इथे उभा नसतास. तू म्हणालास, तेच बरं झालं असतं. नऊ वर्षं मी हे वाक्य डायरीच्या कुठल्याही पानावर लिहिलं नाही, म्हणून ते पाठ आहे.

मी सांगितलं आणि भाऊ गेला. आता सांगितलं तर मुलगी जाईल. न सांगितलं तर कदाचित खरोखरच जाईल. हे मी रोज कामावर जाताना स्वतःशी म्हणते आणि रोज कामावर पोचल्यावर बाटल्या मोजायला लागते.

या चार दिवसांत मी काय काय केलं ते लिहिते, म्हणजे तू मला शहाणी समजणार नाहीस. शनिवारी तिचा सकाळचा गजर मी पाऊण तास पुढे ढकलला. रविवारी तिचे धावायचे बूट धुतले, ते सोमवारी ओलेच होते. आज म्हणाले, माझा गुडघा दुखतो, माझ्यासोबत घरीच कर काय तो व्यायाम. ती म्हणाली, "आई, तू माझ्या प्रकल्पाची व्यक्ती आहेस, मी तुझी नाही."

दुपारी ती सोफ्यावर पाठांतर करता करता झोपली. मी हळूच तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत ठोके मोजू लागले. एका ठोक्यानंतर एक मोठी फट पडली, मग दोन घाईघाईचे ठोके आले. तेवढ्यात तिने डोळे न उघडताच म्हटलं, "अंगठ्याने नाडी मोजत नाहीत. अंगठ्यात स्वतःचीच असते. दुसऱ्या प्रकरणात आहे."

म्हणजे मी माझीच नाडी मोजत होते.

दादा, तू माझ्यावर जन्मभर रागाव. पण त्या आजाराचं नाव लिही. एका कार्डावर दोन शब्द पुरे.

धाकटी

२७ ऑगस्ट, मंगळवार

दादा,

तुझं पाकीट काल आलं. मी प्रयोगशाळेत परत जाऊन ते माझ्या टेबलाशी उघडलं, कारण तिथे मला नीट वाचायची सवय आहे. तीस वर्षांपूर्वीचा रिपोर्ट तू इतका जपून ठेवला असशील असं वाटलं नव्हतं. "हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधली भिंत वाजवीपेक्षा जाड. धावणे, स्पर्धा वर्ज्य." आणि सोबत तुझ्या चार ओळी. त्या मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे आपल्या दोघांकडे सारख्या राहतील :

"आनुवंशिक आहे. मला नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरने बजावलं होतं की बहिणीला आणि तिच्या मुलांना तपासून घ्यायला सांगा. आपल्या भांडणाला तेव्हा दोन महिने झाले होते. मी कळवलं नाही. आधी शाळेत जा, शिव्या मग दे."

शिव्या मी रस्त्यात दिल्या, मोठ्याने. एका फळवाल्याने वळून पाहिलं. नऊ वर्षं, दादा! ती सहा वर्षांची होती. मग लक्षात आलं की तू कळवलं नाहीस तरी मला अर्धं तर माहीतच होतं. बाबा माझ्यासमोर गेले, तू माझ्यासमोर पडलास. तुझ्याकडे डॉक्टरचं वाक्य होतं, माझ्याकडे दोन डोळे होते. कुणाचा अपराध मोठा, हे मी फळवाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत तोलत होते आणि ठरलं नाही.

टिटवीच्या खेळाच्या बाईंना मुलं शिट्टीबाई म्हणतात. पन्नाशीच्या असतील, एका गुडघ्यावर पट्टा. त्यांची खोली म्हणजे सामानाची खोली : जाळीत बांधलेले चेंडू, चुन्याची पोती, शर्यतीचा मोडका अडथळा, आणि या सगळ्यात टेबलावर मुलांच्या फाइली क्रमाने. मी तुझा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, मग टिटवीची फाइल काढून अकराव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"हे कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"तीस वर्षांपासून."

मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "दहा दिवसांपूर्वी ही पोर खाली बसली, तेव्हा मी हा फॉर्म उघडून पाहिला. इथे 'नाही' होतं, म्हणून म्हटलं उपाशी असेल. लगेचच्या सोमवारपासून परत पळवली." एवढं बोलून त्या उठल्या, दारात गेल्या आणि दोनदा शिट्टी वाजवली.

टिटवी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होती. हाक आली म्हणून ती धावत निघाली. बाई ओरडल्या, "चालत ये! चालत!" ती हसत, खांदे उडवत, मुद्दाम हळूहळू पावलं टाकत आली, सगळ्यांना वाटलं काहीतरी गंमत आहे. मग तिला मी दिसले.

"आई? तू कशाला आलीस?"

मी तिथेच सांगितलं. घरी नेऊन सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण फाटकापर्यंत पोचेतो मी पुन्हा काहीतरी मोजायला लागले असते, याची मला भीती होती. बाबांचं सांगितलं, तुझं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं. शपथेचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. तिचा पहिला प्रश्न निवडीबद्दल नव्हता. ती म्हणाली, "मी तुला प्रश्न नीट विचारला होता ना?"

"हो."

"अडखळले नव्हते, घाई केली नव्हती?"

"नाही गं, छान विचारला होतास."

"मग तू खोटं का सांगितलंस?"

बाईंनी तिच्या हातातून बुटांची पिशवी घेतली आणि कपाटात ठेवली. कुलूप लावलं नाही. तेही माझ्या मनात राहिलं आहे, की तिच्यावर विश्वास टाकून त्यांनी कुलूप लावलं नाही.

तपासणी पुढच्या मंगळवारी, दोघींचीही.

धाकटी

७ सप्टेंबर, शनिवार

प्रिय दादा,

दोघींनाही आहे.

माझी भिंत थोडी जाड आहे, गोळी सुरू केली. तिची माझ्याहून थोडी जास्त. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवून टिटवीला सगळं दाखवलं, कारण टिटवीने तीनदा विचारलं. "ही झडप ना? आणि हा डावा कप्पा?" बाई म्हणाल्या, "तुला हे कुठून माहीत?" ती म्हणाली, "आम्हाला पेपरला आहे." त्यानंतर बाईंनी सांगितलं की स्पर्धेतलं धावणं बंद. चालणं चालेल, बेताचं पोहणं चालेल, दर सहा महिन्यांनी तपासणी. आता जे कळलं ते वेळेवर कळलं, असं त्या दोनदा म्हणाल्या. दोन्ही वेळा माझ्याकडे पाहून म्हणाल्या. मला ते मुळीच पेलवलं नाही.

वहिनीला विचार, तुझी गोळी कुठली. माझ्या डॉक्टरीणबाईंना हवं आहे.

आता घरचं. टिटवी माझ्याशी बोलते, पण फॉर्म भरल्यासारखी. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "झाला." पहिले दोन दिवस रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. ती रडली नाही. तिने भिंतीवरचं चार रंगांचं वेळापत्रक काढलं, चार घड्या केल्या आणि वहीत ठेवलं, कारण प्रकल्प अर्धवट का राहिला त्याचा पुरावा जोडायचा असतो. मी व्यक्ती म्हणून बाद झाले आहे. तिच्या बाबांनी स्वतःला पुढे केलं. म्हणाले, "हे पोट मी वीस वर्षं तुझ्या प्रकल्पासाठीच राखून ठेवलंय." चष्म्याच्या दुकानात ते दिवसभर उभे असतात, त्यामुळे आपण तंदुरुस्त आहोत असा त्यांचा समज होता. टिटवीने त्यांना फॉर्म विचारला. मी स्वयंपाकघरात होते. अकराव्या प्रश्नाला तिने पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "बाबा, याचं उत्तर आजीला फोन करून, आजीकडून ऐकून द्या."

विषय सुटलेला नाही. मैदानावरची परीक्षा खेळाडूऐवजी पंच म्हणून देता येते, तशी तरतूद आहे, शिट्टीबाईंनी त्यासाठी अर्ज केला. टिटवी म्हणाली, "पंच म्हणजे ज्यांना काही येत नाही ते." बाई म्हणाल्या, "मी काय आहे मग?" ती गेले दहा दिवस निवडीच्या मुलींची वेळ घेते आहे. परवा तिच्या जागी घेतलेल्या मुलीची वेळ घेतली. घरी येऊन म्हणाली, "दोन मिनिटं एकतीस. माझी अठ्ठावीस होती." हे ती बाबांना सांगत होती.

काल मात्र मलाच म्हणाली. मी भांडी पुसत होते. "तू निवडीनंतर सांगितलं असतंस, तर एकदा तरी धावले असते."

मी म्हणाले, "आणि पडली असतीस तर?"

"ते तुला माहीत नाही."

बरोबर आहे. मला माहीत नाही. तुझंही मला कधीच माहीत नव्हतं. आपण केलं ते बरोबर होतं, हे ज्याच्यासाठी केलं त्याला कधीच सिद्ध करून दाखवता येत नाही. तीस वर्षं तू माझ्याकडे तो पुरावा मागत होतास आणि मला वाटायचं की तू कृतघ्न आहेस. आज तसं वाटत नाही. बरोबर केलं होतं, असं मला अजूनही वाटतं. पण तुला एक शर्यत हवी होती आणि ती मी घेतली, हेही खरं आहे. हे वाक्य मी तुला कधीच म्हटलं नव्हतं.

आता एक मागणं आहे. खाली घरचा नंबर लिहिते आहे. तिला फोन कर. माझ्याशी बोलायची गरज नाही, मी उचललाच तर काही न बोलता तिच्याकडे देईन. तिला काय सांगायचं ते मी तुला सुचवणार नाही. मला तिची समजूत काढता येत नाही, आणि मी काढूही नये. ज्याचं धावणं असंच हातून गेलं आहे असं माझ्या ओळखीचं एकच माणूस आहे.

धाकटी

२२ सप्टेंबर, रविवार

प्रिय दादा,

तू गेल्या रविवारी फोन केलास तेव्हा मीच उचलला. तू "मी बोलतोय" म्हणालास. मी कबूल केल्याप्रमाणे काही न बोलता फोन तिच्या हातात दिला. तुझा आवाज जाड झाला आहे.

पहिली पाच मिनिटं मी ऐकलं. कान देऊन नाही, पण घर लहान आहे आणि मी पडदे सरळ करत होते. जे ऐकलं ते तुला कळवणं भाग आहे, कारण ते माझं नव्हतं.

"हो, मामा. ठीक आहे. हो. नाही, धाप नाही लागत." मग बराच वेळ तू बोललास. मग ती म्हणाली, "तुम्हाला आठशेला किती लागायचे? एक छप्पन्न? खरंच? आईने काहीच सांगितलं नाही." मग तिने विचारलं, "मामा, राग कधी गेला तुमचा?"

मी पडद्याची कडी हातात धरून उभी राहिले.

तू काय म्हणालास ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "अजून आहे?" आणि दादा, ती हसली. शाळेतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली, पोट धरून. "मलाही आहे! नाही, खूप नाही. सकाळी जास्त असतो. हो ना? तुलाही सकाळीच?" तिने तुला "तू" कधी म्हणायला सुरुवात केली ते तिच्या लक्षात आलं नाही. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं, फोन घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पन्नास मिनिटं.

बाहेर आली तेव्हा "काय म्हणाला मामा?" हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तुला ठाऊक आहे, मला विचारल्याशिवाय आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यातूनच आपलं हे सगळं झालं. मी भाजी निवडत राहिले. तीच जवळ आली, भाजीची एक काडी उचलून मोडली आणि म्हणाली, "मामा पुढच्या रविवारी साडेदहाला परत करणार आहे."

"बरं."

"तेव्हा तू बाजारात जा."

"आज आणलंय की सगळं."

"आई, जा म्हटलं ना."

आज साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना तिने माझी पिशवी दारात आणून ठेवली. मी हे पत्र बाजारातल्या एका बाकावर बसून लिहिते आहे, पॅड मांडीवर आहे, म्हणून अक्षर असं. समोर घड्याळ आहे. अकरा वाजून वीस मिनिटं झाली. घरात काहीच संपलेलं नव्हतं, तेव्हा दोन लिंबं घेतली आहेत.

तुमचं बोलणं कशाबद्दल चाललं असेल, याच्या मी मनातल्या मनात तीन-चार शक्यता मांडल्या आणि पुसल्या. यापुढचं मी डायरीत लिहिणार नाही. तुम्ही दोघं माझ्यावर मिळून रागवत असाल तर ते बरंच आहे, तिला एकटीला तेवढा राग वाहायला जड जात होता.

तू घाई करू नकोस. मी इथे आणखी तासभर बसू शकते.

तुझी,
धाकटी